मुंबईची दुसरी फेरी: चित्रं आणि जुनी चर्च, दोन दिवसांत काय ठेवू, काय गाळू?

वर्धाकाठ
नमस्कार मंडळी. मुंबईत सगळे पाहतात ते पहिल्या फेरीत पाहून झालं: गेटवे, चौपाटी, हाजी अली, सिद्धिविनायक, राणीबागेतले पेंग्विन. आता दिवाळीनंतर, कापसाची पहिली वेचणी उरकली की पुन्हा जाणं आहे. चौघं आहोत. त्यात एक निवृत्त चित्रकला मास्तर आणि एक काकू, ज्यांना जिने झेपत नाहीत. मंगळवारी धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेस, बुधवारी सकाळी सीएसएमटी, गुरुवारी संध्याकाळी त्याच गाडीनं परत.

या वेळी फक्त चित्रं-शिल्पं आणि जुनी चर्च. यादी अशी:
छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, एनजीएमए (आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय), जहांगीर कलादालन, भाऊ दाजी लाड संग्रहालय, जेजे स्कूल. चर्चमध्ये फोर्टचं सेंट थॉमस, कुलाब्याचं अफगाण चर्च, होली नेम, भायखळ्याचं ग्लोरिया, दादरचं पोर्तुगीज चर्च, माहीमचं सेंट मायकल, वांद्र्याचं माउंट मेरी.

बारा झाल्या. कोणत्या गाळाव्या? आणि चर्चमध्ये आपल्यासारख्यांना आत जाऊ देतात का, काय पाळायचं असतं? "सगळंच छान आहे, पाहाच" असे प्रतिसाद कृपया नकोत.

कपाशीबोंड
बाप्पा! दोन दिवसात बारा जागा? हे फिरणं हाय का निवडणुकीचा प्रचार?

फोर्टची_पायवाट
यादी नंतर, आधी वार पाहा. तुमचा पहिला दिवस बुधवार आहे आणि तिथंच दोन खड्डे आहेत.

भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, शेजारची राणीबागही बुधवारीच बंद. म्हणजे भायखळा गुरुवारीच. माहीमच्या सेंट मायकलमध्ये बुधवारी नोव्हेना (नवसाची खास प्रार्थना) असते, सकाळपासून रात्रीपर्यंत रांग. भक्तीसाठी जाणार असाल तर बुधवारच बरा, पण इमारत निवांत पाहायची असेल तर बुधवार सोडून कोणताही. आणि ती इमारत तशीही १९७० च्या दशकातली, जुनी नाही.

एनजीएमए सोमवारी बंद, तुम्हाला अडचण नाही. पण तिथं दोन प्रदर्शनांच्या मध्ये चित्रं उतरवणं-लावणं चालतं तेव्हा दालनं बंद असतात. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून "सध्या काय लागलं आहे" एवढं विचाराच. शिवाजी महाराज संग्रहालय आठवडाभर उघडं, सोमवारीसुद्धा; सकाळी सव्वादहा ते सहा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर सोडून.

जहांगीर मोफत, अकरा ते सात. तिथली प्रदर्शनं साधारण मंगळवारी लागतात आणि सोमवारी उतरतात. बुधवारी जाल तर नवंकोरं मिळेल, बहुतेक वेळा चित्रकारही तिथंच बसलेला असतो. जेजे हे कॉलेज आहे, पाहुण्यांसाठी उघडं संग्रहालय नाही. ते गाळा. झाल्या अकरा.

वर्धाकाठ
बुधवारचं लक्षातच नव्हतं. आमच्या कच्च्या आराखड्यात पहिल्याच दिवशी भायखळा होतं. आधी विचारलं ते बरं झालं.

काचकाम
चर्च निवडताना साल पाहून निवडू नका, ऊन पाहून निवडा. जुन्या चर्चमध्ये पाहण्यासारखी मुख्य गोष्ट रंगीत काचेच्या खिडक्या, आणि त्या आतल्या दिव्यानं उजळत नाहीत, बाहेरच्या उन्हानं उजळतात. वेदी बहुधा पूर्वेला असते. तिच्यामागची मोठी खिडकी सकाळी नऊ-दहापर्यंत पेटल्यासारखी दिसते आणि दुपारी तीच काळसर, मुकी होते. पश्चिमेच्या दारावरची खिडकी दुपारी तीननंतर. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या भिंतीतल्या खिडक्यांना दिवसभर ऊन मिळतं. उत्तरेकडच्या खिडक्यांत ऊन येत नाही, पण उजेड एकसारखा असल्यामुळे काचेवरचं रेखाकाम तिथंच नीट वाचता येतं.

या हिशोबानं अफगाण चर्च सकाळीच. पहिल्या अफगाण युद्धात (१८३८ ते १८४२) मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं, १८५८ साली अर्पण झालं. आराखडा हेन्री कॉनीबेअर यांचा, खिडक्या इंग्लंडमधल्या विल्यम वेल्स यांच्या कारखान्यातल्या, फरशा आणि वेदीमागचं काम विल्यम बटरफिल्ड यांचं. मनोरा नंतर, १८६५ ला पुरा झाला. मुंबईत काच पाहायला एकच चर्च निवडायचं असेल तर हेच.

खिडकी पाहायची रीत: आधी मधल्या वाटेवर, लांब उभं राहून पूर्ण चित्र. मग आठ-दहा फुटांवर जाऊन जोड पाहा. प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा असतो आणि शिशाच्या पट्टीत बसवलेला असतो. निळा, लाल हे रंग वरून फासलेले नसतात; काच वितळतानाच धातूची भस्मं घालून ती रंगवतात, निळ्यासाठी कोबाल्ट, लालसाठी तांबं किंवा सोनं. चेहरा, बोटं, वस्त्राच्या चुण्या मात्र वरून गडद तपकिरी रंगानं काढून भट्टीत भाजलेल्या असतात. म्हणून शंभर-दीडशे वर्षांत काचेचा रंग तसाच राहतो आणि चेहरा पुसट होतो. एखाद्या खिडकीत देह आहे पण नाकडोळे नाहीत असं दिसलं, तर कारण हे. आणि खिडकीला पोट सुटलेलं दिसलं तर शिसं थकलं आहे असं समजा. शिसं मऊ असतं, उन्हानं फुगून-आकसून आणि स्वतःच्याच वजनानं खाली बसतं.

तर्रीपोहे
काचकाम, तुम्ही तर खिडकीचा सातबाराच काढला. 🙏

खायचं कुठं हे कोणी सांगत नाही म्हणून मीच सांगतो. फोर्टमध्ये दुपारी एक ते दोन ऑफिसवाल्यांचा लोंढा असतो. साडेबारालाच थाळीवर बसा, नाहीतर सरळ अडीचला. तर्री मागू नका. रस्सा म्हणून जे येते त्याले आपल्याकडं वरण म्हणतात.

रंगसंगती
शिवाजी महाराज संग्रहालयाबद्दल सविस्तर लिहितो, कारण लोक तिथंच चूक करतात. तळमजल्यापासून सुरुवात करून एकेक दालन संपवत वर चढतात आणि युरोपीय चित्रांपर्यंत पोचेतो पाय आणि डोळे दोन्ही संपलेले असतात. तुमचा उद्देश चित्रं आहे, तर क्रम उलटा ठेवा. दारावर लिफ्टची चौकशी करून काकूंसह सरळ दुसऱ्या मजल्यावर जा, तिथं युरोपीय तैलचित्रं आहेत. यातला मोठा भाग सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातून आलेला. मग पहिल्या मजल्यावर लघुचित्रं आणि हिमालयातली कला. शेवटी तळमजल्यावर शिल्पं. तिथं बाकं आहेत, थकलात तर बसा.

लघुचित्रांच्या दालनात शिरल्यावर "इतका अंधार का" असं सगळेच विचारतात. कागदावरचे रंग उजेडानं उडतात आणि उडालेले परत येत नाहीत, म्हणून जगभरची संग्रहालयं कागदावरच्या कामासाठी उजेड ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात. तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. बाहेरच्या उन्हातून थेट लघुचित्रांसमोर गेलात तर पहिली पाच-सात मिनिटं काहीच दिसत नाही आणि माणूस कंटाळून पुढं सरकतो. आधी तैलचित्रं पाहिली की डोळे आपोआप सरावतात. मास्तरांना भिंग न्यायला सांगा. लघुचित्रात दागिन्याचा मोती रंगाचा जाड ठिपका देऊन उठवलेला असतो. समोरून सपाट दिसतो, काचेला तिरकं पाहिलं की सावली दिसते.

तैलचित्रही आधी समोरून, मग एका बाजूला सरकून पाहावं. तिरक्या उजेडात कुंचल्याचे फटकारे, वार्निशचा पिवळटपणा, भेगांचं जाळं उघडं पडतं. चिठ्ठीवर चित्रकाराच्या नावाआधी-नंतर काय लिहिलंय ते जरूर वाचा: "अमक्याचं", "अमक्याच्या कार्यशाळेतलं", "अमक्याच्या शैलीत", "अमक्यावरून केलेली प्रत" ही चार वेगळी विधानं आहेत.

इमारत जॉर्ज विटेट यांची. कोनशिला १९०५ ची, १९१४ ला बांधून झाली, पण पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळ म्हणून वापरली आणि संग्रहालय म्हणून १९२२ ला उघडली. मधल्या घुमटाखाली उभं राहून वर पाहा: तिथले लाकडी नक्षीचे खांब आणि कमानी नाशिककडच्या एका वाड्यातून आणून बसवलेल्या आहेत. बहुतेक लोक तिकीट दाखवून तिथून सरळ निघून जातात.

अजबबंगला
एक वेगळं मत. मुंबईला जायच्या आधी नागपूरचा अजबबंगला पाहिला का? मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासून आहे, सोमवारी बंद. शिल्पं, नाणी, शिलालेख, गोंड वस्तू, चित्रं. धामणगाववाल्यांना एका दिवसात होतं. घरची ताकीद अशी की गावच्या पांढरीचा म्हसोबा सोडून आधी विठोबाला नारळ फोडू नये. शिवाय शिल्प कसं पाहायचं याची सवय आधी लहान संग्रहालयात होते, मोठ्यात माणूस गांगरतो.

चर्चही तेच. नागपुरात ऑल सेंट्स आणि सेंट फ्रान्सिस दी सेल्स ही दोन कॅथेड्रल आहेत. तीही न पाहता थेट कुलाबा?

कपाशीबोंड
धागा मुंबईचा हाय भाऊ. नागपूर म्हणजे कामाची जागा: कोर्ट, दवाखाना, आरटीओ. तिथी कोणी पाहायले जाते का?

अजबबंगला
तेच तर दुखणं आहे.

वत्सगुल्म
अजबबंगला यांना अर्धा पाठिंबा, पण दुसऱ्या वाटेनं. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा हरिषेण राजा, आणि अजिंठ्याची उत्तम चित्रं असलेली लेणी त्याच्याच काळातली. सोळाव्या लेण्यात त्याच्या मंत्र्याचा, वराहदेवाचा लेख आहे. आता गंमत पाहा: अजिंठ्याच्या या लेखांवर सुरुवातीला काम करणाऱ्यांत मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड होते. त्यांचंच नाव भायखळ्याच्या संग्रहालयाला १९७५ साली दिलं. त्याआधी ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं, सध्याच्या इमारतीत १८७२ ला उघडलेलं.

म्हणून आपल्या भागातल्या माणसानं दुसऱ्या फेरीत एकच संग्रहालय निवडायचं तर ते भायखळ्याचं. आत मातीच्या बाहुल्या आहेत: वेगवेगळ्या जातीजमातींची, धंद्यांची, साधूंची माणसं, हातात अवजारं घेऊन. हत्यार कुठून धरलं आहे, फेटा कसा बांधला आहे, इतकं बारीक. शेतीवाल्या माणसाला त्या कपाटांपुढून हलवणं कठीण जातं.

फोर्टची_पायवाट
वत्सगुल्म यांना +१. त्यात भर: इमारत छोटी, दोन तासांत सावकाश होते, गर्दी कमी. लोखंडी खांब-कठडे आणि छतावरचं रंगकाम हेच निम्मं प्रदर्शन आहे. मध्ये प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा, मॅथ्यू नोबल यांचा, डेव्हिड ससून यांनी दिलेला. इमारतीच्या जीर्णोद्धाराला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला होता. मध्यंतरी पुन्हा दुरुस्तीसाठी बराच काळ बंद होतं, त्यामुळे इथंही आधी फोन.

बाहेरच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. ज्याच्यावरून त्या बेटाला एलिफंटा म्हणतात तोच. १८६४ ला विलायतेला न्यायचा म्हणून उचलताना तो पडून फुटला. तुकडे इथं आणून १९१४ च्या सुमारास जोडले. अंगावरचे सांधे अजून दिसतात. फिरून मागच्या बाजूनं पाहा.

आणि काळा घोडा! फोर्टमधला तो भाग ज्या पुतळ्यावरून ओळखला जातो तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ ला तिथून हलवून भायखळ्यालाच ठेवला आहे. फोर्टात २०१७ ला नवा घोडा बसवला, त्यावर स्वार नाही.

कपाशीबोंड
म्हणजे फोर्टातला घोडा बिनमालकाचा. चरायले सोडला असन.

सदरची_घंटा
चर्चमध्ये काय पाळायचं याचं उत्तर कुणी दिलं नाही, ते देतो.

आत जायला धर्म विचारत नाहीत. फक्त मिस्सा (सामूहिक उपासना) चालू असताना पाहुणे म्हणून फिरू नका. दारावर वेळांचा फलक असतो. मिस्सा लागली असेल तर मागच्या बाकावर शांत बसा किंवा बाहेर थांबा, साधारण पाऊण तास ते तास. रविवारी सकाळी एकामागून एक मिस्सा असतात, म्हणून पाहायला रविवार वाईट. तुमचे बुधवार-गुरुवार योग्य.

चप्पल काढायची गरज नाही. आपल्याकडची माणसं सवयीनं दारात काढतात आणि मग गार फरशीवर चुळबुळ करतात. टोपी मात्र पुरुषांनी काढावी. काकूंचा पदर डोक्यावर असला तर फारच छान, नसला तरी चालतं. मिस्सेत लोक रांगेनं पुढं जाऊन पवित्र भाकर घेतात. ती प्रसादासारखी सगळ्यांसाठी नसते, रांगेत उभं राहू नका. वेदीच्या कठड्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, हात लावून नमस्कार करायलाही नाही. मेणबत्ती लावायची जागा वेगळी असते. फोटो विचारून, फ्लॅश नाहीच. अफगाण चर्चच्या आसपास नौदलाचा परिसर आहे, रस्त्यावरून फाटकांचे, पहाऱ्याचे फोटो काढाल तर मोबाइल हातातून जाईल.

काकूंसाठी चर्च ही संग्रहालयापेक्षा सोयीची जागा. दारातल्या चार पायऱ्या सोडल्या तर सगळं एकाच पातळीवर, आणि बसायला शेकडो बाकं.

तर्रीपोहे
गुडघेवाल्यांनी चर्चातच थांबावं आणि बाकीच्यांनी जिने चढावे, असा ठराव पास करा.

काचकाम
सदरची_घंटा, तुमच्या नावावरून आठवलं. वसईच्या चर्चच्या घंटांबद्दल लिहा ना.

सदरची_घंटा
अवांतर आहे, थोडक्यात. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठे सरदारांनी आणून देवळांत बांधल्या. नाशिकचं नारोशंकर, भीमाशंकर, वाईजवळचं मेणवली इथं त्या आजही आहेत. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ साल आहे. आपल्या देवळातल्या घंटेचा ठोका आतल्या लोलकाचा, भक्त हातानं देतो. या घंटा मनोऱ्यात टांगून दोरानं झुलवायच्या म्हणून घडवलेल्या, त्यामुळे आकार मोठा, ओठ जाड. वर क्रूस कोरलेला दिसला की ओळखावी.

वसईच्या किल्ल्यात चर्चचे पडके सांगाडे आहेत, पण तो पश्चिम रेल्वेवरचा अख्खा दिवस आहे. या फेरीत नको.

कपाशीबोंड
बरं, मले एक खरंच इचारायचं हाय. गायतोंडे म्हणून चित्रकार, लय मोठं नाव, नागपुरात जन्मले म्हणतात. त्यायच्या चित्रात नेमकं पाहाचं काय? फोटो पाह्यला तर आमच्या घरची ओल धरलेली भित दिसते.

रंगसंगती
उपमा वाईट नाही. वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूर, १९२४, शिक्षण जेजे. फोटोत ते चित्र मरतं, कारण त्यात आकृती नाही. जे आहे ते थरांत आहे. ते रोलरनं पातळ रंग चढवायचे, पॅलेट नाइफनं खरवडून काढायचे, कागदाचे कापलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे, म्हणजे तिथला रंग निघून खालचा थर उघडा पडतो. पुन्हा वर पातळ थर. वर्षाला मोजकीच चित्रं व्हायची. प्रत्यक्ष पाहताना आधी दहा फुटांवरून पाहा: काही भाग पुढं येतात, काही मागं बुडतात. मग दोन फुटांवर जाऊन कोणता थर वर आणि कोणता खाली ते शोधा. तुमच्या भिंतीतही ओल आधी आली की चुना आधी, हे कडा पाहूनच कळतं की नाही? तसंच.

दुसरं नाव सय्यद हैदर रझा. जन्म मंडला जिल्ह्यात, १९२२. जेजेच्या आधी नागपूरच्या कला विद्यालयात शिकले. दोघांचा आपल्या भागाशी संबंध, म्हणून मास्तरांना सांगा. पण एनजीएमएत ही चित्रं कायम भिंतीवर असतीलच असं नाही. तिथं बदलती प्रदर्शनं असतात. गायतोंड्यांसाठी म्हणून जाल आणि दुसरंच काही लागलेलं असेल. म्हणून पुन्हा तेच: फोन.

कपाशीबोंड
चुन्याचं उदाहरण समजलं. आता भित रंगवत नाही, चौकट लावतो.

अजबबंगला
एनजीएमए काकूंना कितपत झेपेल? सर कावसजी जहांगीर हॉलची १९११ ची इमारत, आतून अर्धगोलाकार माळे एकावर एक चढवले आहेत. प्रदर्शन जिन्यांनी वर वर जातं.

फोर्टची_पायवाट
बरोबर मुद्दा. मास्तरांना तासभर एनजीएमएत सोडा, काकूंनी समोरच्या संग्रहालयाच्या बागेत किंवा जहांगीरमध्ये थांबावं. जहांगीरची दालनं जवळजवळ रस्त्याच्याच पातळीला आहेत. तिन्ही इमारती दोनशे-तीनशे पावलांच्या आत.

सामानाचं: सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा. प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत. पिशवी, गाठोडं चालत नाही, म्हणून घरूनच छोटं कुलूप घ्या. स्टेशनबाहेर तेच दुप्पट भावात मिळतं. संग्रहालयाच्या काउंटरवर पाठपिशवी ठेवता येते, पण गावचा डबा, संत्र्यांची पेटी घेऊन जाऊ नका.

सीएसएमटी ते सेंट थॉमस पायी एक किलोमीटरच्या आसपास, दादाभाई नौरोजी रस्त्यानं कमानींखालून, सावलीतून. तिथून संग्रहालय आणखी दहा-बारा मिनिटं. काकूंसाठी टॅक्सी घ्या. रिक्षा शोधू नका, ती वांद्र्याच्या अलीकडे चालत नाही.

काचकाम
सेंट थॉमस गाळू नका. १६७६ ला पाया, मग काम रखडलं, १७१८ च्या नाताळात उघडलं. चर्चगेट हे नाव याच चर्चकडच्या वेशीवरून. इथं काचेपेक्षा भिंतीवरची संगमरवरी स्मारकं पाहा, मास्तरांचा वेळ तिथंच जाईल. जोनाथन डंकन या गव्हर्नराचं स्मारक शोधा. बनारस आणि काठेवाडातल्या बालहत्या थांबवल्याचा मजकूर त्यावर कोरला आहे. संगमरवरात कापडाची चुणी किती खोल कोरली आहे हे पाहायला बोटानं नाही, मोबाइलच्या उजेडानं बाजूनं पाहा. तोही आधी विचारून.

होली नेम हे १९०५ चं, कुलाब्यात रीगलपासून थोडं चालून. आत छतावर-भिंतींवर रंगवलेली चित्रं आहेत. अर्ध्या तासाचं काम, अफगाण चर्चवरून परतताना वाटेत.

दादरचं पोर्तुगीज चर्च "जुनं" म्हणून यादीत असेल तर गाळा. संस्था १५९६ ची, पण आजची इमारत चार्ल्स कोरिया यांची, १९७० च्या दशकातली. पंखे-एसीशिवाय मुंबईत हवा कशी खेळवावी याचा धडा आहे ती: काँक्रीटची उंच टोपरं गरम हवा वर ओढतात, मधल्या उघड्या चौकांतून गार हवा आत येते. बांधकामवाला माणूस सोबत असता तर आवर्जून जा म्हटलं असतं.

वत्सगुल्म
माउंट मेरीही गाळा. वांद्र्याला जाऊन-येऊन तीन तास जातात. सध्याची इमारत १९०४ ची, मोत माउलीची (मेरीची) मूर्ती त्याहून जुनी. ते श्रद्धेचं ठिकाण आहे, सप्टेंबरच्या जत्रेत जावं. चित्र-शिल्पासाठी अर्धा दिवस घालवण्याइतकं तिथं नाही.

सदरची_घंटा
यावर सहमत नाही, पण दोन दिवसांच्या हिशोबात मान्य.

वर्धाकाठ
सगळ्यांचे आभार. जुळवलेलं असं, चुकलं असेल तर सांगा.

बुधवार: सातच्या आगेमागे सीएसएमटी, आंघोळ, सामान क्लोकरूममध्ये. साडेआठला सेंट थॉमस. सव्वादहाला शिवाजी महाराज संग्रहालय, दुसऱ्या मजल्यापासून खाली. साडेबाराला जेवण. दीडला पुन्हा तिथंच, शिल्पं. साडेतीनला मास्तर एनजीएमए, बाकीचे जहांगीर.
गुरुवार: साडेआठला टॅक्सीनं अफगाण चर्च, परत येताना होली नेम. सीएसएमटीहून लोकलनं भायखळा, बाराला भाऊ दाजी लाड, हत्ती, मग ग्लोरिया. सहाच्या आत सीएसएमटी.

बारातून सात राहिल्या. जेजे, माहीम, दादर, वांद्रे गेले आणि एनजीएमए अर्धं.

अजबबंगला
बारातून चार गेले आणि एक अर्धं, तर साडेसात राहतात. गणिताचे मास्तर सोबत घ्या.

फोर्टची_पायवाट
आराखडा ठीक. दोन दुरुस्त्या. एक, संग्रहालयाच्या तिकिटावर बाहेर जाऊन पुन्हा आत येता येतं का ते सकाळी खिडकीवर विचारा, नाही म्हणाले तर आतच काहीतरी खाऊन घ्या आणि जेवण अडीचला. दोन, अफगाण चर्च आठवड्याच्या मधल्या दिवशी उघडं असेल याची खात्री फोन करून घ्या. बंद असेल तर आवारातल्या राखणदाराला नम्रपणे विचारून पाहा, नाहीतर होली नेम आधी करा.

भायखळा सीएसएमटीपासून तिसरं स्टेशन, मशीद आणि सँडहर्स्ट रोडनंतर. त्या स्टेशनची जुनी इमारतही नीट केली आहे, उतरल्यावर पाच मिनिटं थांबून पाहा. ग्लोरिया १९१३ चं, स्टेशनजवळच. ते चार वाजता ठेवा म्हणजे पश्चिमेचं ऊन मिळेल. परतताना घाबरू नका: संध्याकाळी गर्दी सीएसएमटीहून सुटणाऱ्या गाड्यांना असते, तुम्ही उलट्या दिशेनं जाणार, बसायला जागा मिळेल. तरी साडेपाचनंतर भायखळ्यात रेंगाळू नका. विदर्भ सातच्या सुमारास सुटते आणि क्लोकरूमच्या खिडकीवर तेव्हाच रांग असते.

वर्धाकाठ
तिकिटाचं विचारतो. काचकाम, भिंग किती मोठं न्यावं?

काचकाम
पाचपट पुरे. दहापट भिंगात हात हलतो आणि काचेवर डोकं आपटतं, मग पहारेकरी धावून येतो.

कपाशीबोंड
आणि भायखळ्याले तो काळा घोडा पाहून या. स्वार अजून वर बसूनच हाय का उतरला, कळवा.